रिक्त पदाखाली सही कोणाची?

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. त्यानंतर आणखी सात जण गेले आणि ४८ तासांतला आकडा ३१ झाला. मग कॅमेरे आले, मंत्री आले, चौकशी समिती आली. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. तो व्हिडिओ राज्यभर फिरला. खासदारांवर गुन्हा नोंदला गेला. पुढे एका नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही नोंदला गेला.

त्या व्हिडिओचं कौतुक करणारे बरेच होते. मला तो आजही सहन होत नाही. शौचालय घाण होतं हे खरं, आणि ज्यांची लेकरं तिथं गेली त्यांचा राग तर पूर्ण खरा. पण सफाई कामगारांची पदं भरायची परवानगी अधिष्ठात्याच्या हातात नसते. ती फाइल मुंबईला जाते, वित्त विभागात थांबते, शेरे घेऊन परत येते, पुन्हा जाते. शिवाय ज्यांच्या हातात झाडू दिला ते स्वतः प्रभारी होते, म्हणजे त्या खुर्चीवर कायमचा माणूस नेमण्याचं कामही सरकारने बाकीच ठेवलं होतं. ते कोणाच्या टेबलावर बाकी होतं, हे मात्र त्या गर्दीत कोणी विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात माणूस मेला की जाब वॉर्डात विचारला जातो आणि तिथंच संपतो. तो तिथं संपू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. पद रिकामं ठेवणारी, पैसा अडवणारी, औषध उशिरा पाठवणारी सही ज्या टेबलावर होते त्या टेबलापर्यंत तो गेला पाहिजे, आणि तिथपर्यंत नेण्याची वाट कायद्यात असली पाहिजे. आज ती नाही.

भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण गेले. दोन्हीकडे निलंबनं झाली. भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला, नगरला एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. ज्याची चूक त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण अग्निसुरक्षेच्या कामाला पैसे देणं-न देणं, वायरिंग बदलायला मंजुरी देणं, नवीन इमारत ताब्यात घेण्याआधी तिची तपासणी करणं, ही कामं परिचारिकेची नव्हेत. तिच्या ड्युटीच्या वेळी आग लागली, म्हणून ती सापडली.

आता नांदेडला त्या दिवसांत नेमकं कोण आलं होतं ते बघू. विष्णुपुरीचं रुग्णालय एका जिल्ह्याचं राहिलेलं नाही. किनवट-माहूरपासून देगलूर-मुखेडपर्यंतचा सगळा नांदेड जिल्हा, हिंगोली आणि परभणीचा बराच भाग, यवतमाळकडचं उमरखेड, पलीकडे तेलंगणातलं निर्मल, आदिलाबाद, एवढा मुलूख तिथं येतो. किनवट-माहूर भागातून नांदेड गाठायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. हा प्रवास सुरू कसा होतो ते इकडच्या घराघरांत माहीत आहे. रात्री नऊ-दहाला कळा सुरू होतात. आशाताई सोबत येते, १०२ ची रुग्णवाहिका नाहीतर गावातली जीप मिळते. तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर तपासतात, बाळाचे ठोके कमी लागतात. मग सिस्टर सासूला बाजूला घेऊन सांगतात, "मावशी, इथं सिझर व्हायचं नाही. मॅडम हायत, पण भूलवाले सर न्हाईत. नांदेडला घेऊन जा, वेळ घालू नका." सासू विचारते, "कवा येतेत भूलवाले?" सिस्टर गप्प राहतात. ती जागा कधी भरणार हे त्यांनाही माहीत नसतं. रेफरची चिठ्ठी लिहिली जाते, १०८ ची वाट बघितली जाते. रस्ता खराब, पावसाळा असला तर नाल्याला पाणी. बाळ नांदेडला पोचतं तेव्हा निळं पडलेलं असतं.

आणि तिथं काय असतं? त्या दिवसांतल्या बातम्यांत आलं होतं, की नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाची क्षमता २४ ची होती आणि आत ६५ बाळं होती. एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर, दोन-तीन बाळं झोपवायची, म्हणजे एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला आपण होऊन द्यायचा. हे तिथल्या प्रत्येक डॉक्टरला कळतं. तरी तो दुसरं काय करणार? दार लावून घेतलं तर बाळ व्हरांड्यात जाईल.

उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. तेव्हा सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं की यातले बरेच रुग्ण खासगी रुग्णालयांनी अगदी शेवटच्या अवस्थेत पाठवले होते. हे खोटं नाही. पैसे संपले की खासगीवाले पेशंट घाटीला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा विष्णुपुरीला पाठवतात, हे मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. पण हे सरकारला आदल्या दिवशी कळलं का? वर्षानुवर्षं असंच चाललं असेल, तर त्या हिशेबाने खाटा, माणसं आणि औषधं वाढवणं हेच सरकारचं काम. गर्दी होते ही माहिती तीस वर्षं हाताशी असताना गर्दीलाच कारण म्हणून पुढे करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं: सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला वापरता येणार नाही. ते प्रकरण एका शेतमजुराचं होतं. आगगाडीतून पडून त्याच्या डोक्याला मार लागला आणि सरकारी रुग्णालयांनी त्याला एकामागून एक परत पाठवलं. या निकालाला आता तीस वर्षं होत आली.

ग्रामीण रुग्णालयांत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्याच ठिकाणी दारातून आत गेलं की भिंतीवर रंगवलेला एक तक्ता दिसतो. पदनाम, मंजूर, भरलेली, रिक्त. तो मी जिथं दिसेल तिथं वाचतो. आमच्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातला तक्ता मला पाठ झाला आहे, कारण घरातल्या आजारपणात तिथल्या बाकावर बराच वेळ काढावा लागला. वैद्यकीय अधीक्षकाच्या रांगेत 'भरलेली' खाली एक आणि त्यापुढे कंसात 'प्रभारी'. क्ष-किरण तंत्रज्ञ, रिक्त. मशीन मात्र आहे, त्यावर कापड टाकलेलं. औषधनिर्माण अधिकारी दोन मंजूर, एक भरलेला, आणि तो तीन दिवस दुसऱ्या केंद्रावर. शिपायाच्या रांगेतला आकडा इतक्यांदा खोडून रंगवला होता, की तिथं रंगाचा थर उभा राहिला होता. त्या तक्त्यात एक रकाना मुळातच नाही: जागा कधीपासून रिकामी आहे आणि ती भरायची जबाबदारी कोणाची. तो रकाना आला की पुढचं पुष्कळ आपोआप सुरू होईल, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं आणि अजून तसंच वाटतं.

२०२४ च्या डिसेंबरात विधिमंडळात मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालाने राज्याच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ अशी सगळीकडची तूट नोंदवली. परिचारिकांच्या मंजूर पदांपैकी साधारण एक तृतीयांश रिकामी. लक्षात घ्या, ही तूट मंजूर पदांमधली. मंजूर पदंच मुळात जुन्या लोकसंख्येवर आणि जुन्या खाटांवर ठरलेली असतात. म्हणजे कागदावर जेवढी माणसं हवीत तीच कमी, आणि प्रत्यक्षात जेवढी हवीत त्यातली तर किती कमी, याचा हिशेब कोणी मांडतच नाही. रात्रपाळीला पन्नास-साठ पेशंटच्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, असतात. सलाइन संपलं की नातेवाईक स्वतः बंद करतो. मला हे भयंकर वाटतं, आणि आपल्याला ते आता भयंकर वाटेनासं झालंय हे त्याहून वाईट.

यावर नेहमीचं उत्तर असतं: डॉक्टर खेड्यात यायला तयार नाहीत. काही अंशी बरोबर आहे. पण कशाला येईल? ऑर्डर अकरा महिन्यांची, पगार दोन-तीन महिने थकलेला, क्वार्टरला पाणी नाही, पोराला शाळा नाही, बदली कधी आणि कशावर ठरते याचा पत्ता नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा-पंधरा वर्षं कंत्राटावर राबणाऱ्या सिस्टर आणि तंत्रज्ञ इथं आहेत. त्या खेड्यात राहायला तयारच आहेत, राहतच आहेत. त्यांना कायम करा म्हणून त्यांना संप करावा लागतो. तेव्हा माणसं मिळत नाहीत हे सरसकट खरं नाही. मिळालेली माणसं आपण धरून ठेवत नाही.

पैशाचंही असंच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात दोन गोष्टी लिहिल्या आहेत: सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्के व्हावा, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्याला द्यावा. दोन्ही मुदती उलटल्या. देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचं राज्य म्हणवणारा महाराष्ट्र त्या आठ टक्क्यांच्या बराच खाली आहे. आणि जे मंजूर होतं तेही वेळेवर येत नाही. दवाखान्याच्या क्लार्कला विचारा, तो सांगेल: बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, रक्कम दिसायला लागते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग मार्चएंडच्या आत खर्च दाखवायचा म्हणून जे पटकन घेता येतं ते घेतलं जातं. साप चावतात जून-जुलैत, पेरणीच्या दिवसांत. डेंग्यू येतो पावसाच्या शेवटी. मार्चमध्ये आलेल्या पैशाचा सप्टेंबरातल्या बाळाला उपयोग नाही.

औषधांची गोष्ट तर नीट सांगायलाच हवी, कारण तिथं पैसा, सुरक्षितता आणि जबाबदारी एकाच ठिकाणी येतात. २०१७ पासून राज्याने औषधखरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. हेतू चांगला होता: सगळ्या विभागांची खरेदी एका जागी, स्वस्तात आणि पारदर्शक. प्रत्यक्षात निविदा रखडल्या, पुरवठा थांबला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बाहेरून आणा अशी चिठ्ठी रुग्णाच्या हातात जाऊ लागली. मग २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. नांदेडचे मृत्यू झाले तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीसुद्धा नव्हता. तो कधी नेमता, हे उच्च न्यायालयाला सरकारला विचारावं लागलं. म्हणजे तालुक्याच्या भूलतज्ज्ञापासून राज्याच्या खरेदीप्रमुखापर्यंत सगळीकडे तोच रोग, जागा आहे आणि माणूस नाही.

मधल्या काळात दवाखाने स्थानिक पातळीवर खरेदी करत राहिले, कारण पेशंट थांबत नाहीत. त्याचं काय झालं ते अंबाजोगाईत दिसलं. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविक गोळ्या बनावट निघाल्या, २०२४ च्या डिसेंबरात गुन्हा नोंदला गेला. तपासणीचा अहवाल येईपर्यंत अशा गोळ्या पेशंटांच्या पोटात जाऊन संपलेल्या असतात. न्यूमोनिया झालेल्या माणसाला डॉक्टरने योग्य निदान करून योग्य औषध लिहावं, सिस्टरने वेळेवर द्यावं, पेशंटने नियमाने घ्यावं, आणि गोळीत औषधच नसावं. यात वॉर्डातल्या कोणाचा दोष काढणार?

तमिळनाडूने हा प्रश्न १९९४-९५ मध्येच हाती घेतला. वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं, त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली. दवाखाना गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलणार आणि तेवढी रक्कम पासबुकात कमी होणार. गोदामात आलेल्या प्रत्येक खेपेतला नमुना आधी प्रयोगशाळेत, मग वाटप. राजस्थानने २०११ मध्ये साधारण तोच मार्ग धरला. यात आपल्याला न जमण्यासारखं काही नाही. २०२४ च्या जूनअखेर लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये महिलांच्या खात्यावर पैसे पडू लागले. त्या पैशाबद्दल माझी तक्रार नाही, गरीब बाईच्या हातात पैसा आलाच पाहिजे. मुद्दा एवढाच की ठरवलं तर दीड-दोन महिन्यांत कोट्यवधी घरांपर्यंत पोचणारी यंत्रणा या सरकारकडे आहे. तिला भूलतज्ज्ञ नेमता येत नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

सरकारी सेवा मागे हटते तेव्हा तिथं पोकळी राहत नाही. कोणीतरी ती जागा घेतं, आणि काय किंमत लावून घेतं ते बीड जिल्ह्याने पाहिलं आहे. ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बऱ्याचशा बायका चाळिशीच्या आतल्या. पांढरं जाणं, अंगावरून जाणं, पोट दुखणं, अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. त्यातल्या पुष्कळ तक्रारी गोळ्यांनी, स्वच्छ पाण्याने आणि चार दिवसांच्या विश्रांतीने बऱ्या होण्यासारख्या. पण फडावर दवाखाना नाही, गावातल्या केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, आणि शहरातल्या खासगी डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशनं झाली, म्हणजे ती फेडायला पुन्हा ऊसच तोडायचा. पुढे सरकारने शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली. ते बरं केलं. पण त्या बाईला आधीच, वेळेवर, फुकट आणि नीट तपासणारी डॉक्टर जवळ का नव्हती, या प्रश्नाचं उत्तर कोणत्या अधिकाऱ्याने किंवा मंत्र्याने दिलं? राज्याच्या आकड्यांत हे दिसतही नाही. महाराष्ट्राचा मातामृत्यूदर २०१८-२० च्या पाहणीत लाखामागे ३३ होता, देशात चांगल्यापैकी. सरासरीत पुणेही येतं आणि बीडमधलं धारूरही.

मराठवाड्याच्या बाबतीत ही सरासरी फोडून बघण्याची व्यवस्था घटनेतच होती. कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यायचा होता, अनुशेष मोजायचा होता, निधीचं समन्यायी वाटप तपासायचं होतं. ती मंडळं फार प्रभावी होती असा माझा दावा नाही. पण आठ जिल्ह्यांत किती खाटा कमी, किती डॉक्टर कमी, हे एका जागी मांडून विचारण्याचं ते एक ठिकाण होतं. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि ती पुढे वाढवली गेली नाही. दोन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची तीन वर्षं तरी ते होते. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं चालवते ती जिल्हा परिषद. त्या काळात तिची आरोग्य समिती नव्हती, सर्वसाधारण सभेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला उभं करून 'आमच्या सर्कलात डॉक्टर कधी देता' विचारणारा सदस्य नव्हता. अशा काळात १६ सप्टेंबर २०२३ ला, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने, छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या घोषणा झाल्या. त्यानंतर पंधरा दिवसांत नांदेडची बाळं गेली. घोषणा करणाऱ्याला प्रश्न विचारणारं कुठलंही सभागृह इथं तेव्हा शिल्लक नव्हतं, म्हणून मला ही दोन्ही सालं, २०२० आणि २०२२, नांदेडच्या मृत्यूंशी जोडूनच वाचावीशी वाटतात.

कायद्यात रुग्णाला काय हाताशी आहे ते बघितलं तर आणखी वाईट वाटतं. खासगी डॉक्टरने हलगर्जी केली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथं सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले. फार चांगला निर्णय, मनापासून म्हणतो. पण त्याबरोबर तिथल्या गरीब रुग्णाच्या हातात तक्रारीचं दुसरं हत्यार द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता किंवा पोलीस ठाण्याचा. पहिला परवडत नाही, दुसरा पुन्हा वॉर्डातल्या डॉक्टरपाशीच जाऊन थांबतो. आणि तिसरा रस्ता आपण अधूनमधून बघतो: काचा फुटतात, निवासी डॉक्टरला मारहाण होते. त्याने आणखी दोन डॉक्टर राजीनामा देतात आणि तक्त्यावरचा रिक्तचा आकडा वाढतो.

याउलट, उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाखल्याला मुदत आहे, दंड आहे, अपील आहे. तालुक्याच्या भूलतज्ज्ञाला काहीच नाही. तो चार वर्षं नसला तरी कोणत्याही माणसाला, कोणत्याही पातळीवर, एका ओळीचा खुलासा द्यावा लागत नाही.

म्हणून कायदा हवा, आणि त्याची सुरुवात त्या तक्त्यापासूनच करता येईल. पद रिकामं झाल्यावर ते किती महिन्यांत भरायचं याची मुदत असावी. मुदत उलटली की नियुक्ती अधिकाऱ्याने कारण लिहून, नावानिशी, सही करून जाहीर करावं, आणि ते कारण दवाखान्याच्या भिंतीवर आणि विभागाच्या संकेतस्थळावर दिसावं. फाइल वित्त विभागात अडकली असेल तर तसं लिहावं, म्हणजे लोकांना कोणाकडे जायचं ते कळेल. औषधसाठ्याचंही तसंच. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने अशी माहिती स्वतःहून उघड करणं २००५ पासून बंधनकारकच आहे. दुसरी गोष्ट मृत्यूंच्या आढाव्याची. माता आणि बालमृत्यूंचा आढावा जिल्ह्याजिल्ह्यांत आजही घेतला जातो, जिल्हाधिकाऱ्यांपुढे बैठक होते, फॉर्म भरले जातात. तो आढावा नावं वगळून प्रसिद्ध करावा: बाळ कुठून निघालं, कुठं थांबलं, कुठं काय नव्हतं, रुग्णवाहिका किती वेळाने आली. तीन महिन्यांचे असे आढावे शेजारी ठेवले तर कोणती रिकामी जागा जीव घेते हे कोणालाही वाचता येईल. आणि त्या आढाव्यात जी कमतरता निघेल तिच्यावर विभागाने काय केलं हे पुढच्या अधिवेशनात मंत्र्याने सांगावं.

डॉक्टरांतले काही जण यावर म्हणतील की अशी माहिती बाहेर आली तर लोक आम्हालाच मारायला येतील. मला उलट वाटतं. आज लोकांना समोर दिसतो तो फक्त ॲप्रन घातलेला पोरगा, म्हणून हात त्याच्यावर उठतो. २४ जणांच्या जागेत ६५ बाळं सांभाळायला किती सिस्टर होत्या आणि किती हव्या होत्या हे दारावर लिहिलेलं असेल, तर रागाला निदान खरा पत्ता मिळेल. प्रशासनातली माणसं म्हणतील, प्रत्येक रिक्त पदाचा खुलासा लिहीत बसलो तर काम कधी करू. त्यांना माझं म्हणणं आहे की ज्या पदाचा खुलासा लिहिणं जड जातं, ते पद भरणं बहुधा सोपं पडेल.

धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथं गेल्या काही वर्षांत नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली. जालना आणि हिंगोलीचं तर ९ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालं. आपल्या पोरांना घराजवळ डॉक्टर होता येईल याचा आनंद मलाही आहे. पण महाविद्यालय आलं की जिल्हा रुग्णालय आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षणाकडे जातं, आणि हस्तांतराच्या काळात कोणती माणसं कोणाची, यंत्रं कोणाची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा यावर दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. तपासणी आली की एका महाविद्यालयातले प्राध्यापक काही दिवस दुसऱ्यात हजर दाखवायचे, ही तर उघड गोष्ट आहे. एकच भूलतज्ज्ञ कागदावर दोन जिल्ह्यांत असतो तेव्हा त्यातल्या एका जिल्ह्यातलं सिझर होत नाही, इतकं ते सरळ आहे.

मराठवाड्यातून ४६ आमदार विधानसभेत जातात. सगळ्या पक्षांचे आहेत, सत्तेतलेही आहेत आणि विरोधातलेही. मार्चच्या अधिवेशनात सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन विभागांच्या मागण्या मंजुरीला येतात, तेव्हा आठही जिल्ह्यांतल्या प्रत्येक दवाखान्याची रिक्त पदांची यादी, ती पदं कधीपासून रिकामी आहेत त्या तारखांसह आणि ती भरण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या पदनामासह, पटलावर ठेवा, एवढी एक मागणी या ४६ जणांना एकत्र येऊन करता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा पैसा लागत नाही. आपापल्या आमदाराला हे अधिवेशनाआधी लेखी द्यायचं, पोच घ्यायची, आणि यादी आली का हे अधिवेशन संपल्यावर विचारायचं.